मूळ जमीन, तुटक रेघेत

१

सेक्शन म्हणजे काय असं माझ्या आईने एकदा विचारलं, तेव्हा मी तिला कोबीचा गड्डा मधोमध कापून दाखवला होता. घर असं वरून खालपर्यंत चिरायचं, खालच्या जमिनीसकट, आणि कापलेली बाजू कागदावर काढायची. भिंत किती जाड, पाया किती खोल, सगळं त्यात दिसतं. आई म्हणाली, म्हणजे दिवसभर बसून तू लोकांची घरं चिरतेस. चिरते. सोळा वर्षं झाली.

माझं नाव शुभदा. तळेगावहून रोज लोणावळ्याला जाते, राजेश्वरी मॅडमच्या ऑफिसात. मॅडम आर्किटेक्ट, मी ड्राफ्ट्समन. बाई असून ड्राफ्ट्समन कशी, असं कुणी विचारलं की मी कार्ड दाखवते. छापणाऱ्याला दुसरा शब्द सुचला नाही, मलाही सुचला नाही.

सेक्शनमध्ये एक रेघ अशी असते की मालक लोक तिच्याकडे बघतही नाहीत. बारीक, तुटक, घराच्या आरपार जाणारी. घर बांधायच्या आधी जमीन कुठवर होती ते ती दाखवते. ऑफिसात आम्ही तिला नुसतं ‘मूळ’ म्हणतो. ‘मूळ दाखवलीस का गं?’ हे मॅडमचं दिवसातून दोनदा ठरलेलं. पूर्वी ती रेघ हाताने ओढायचो. आता मोजणी करणाऱ्याने दिलेले बिंदू मॉडेलमध्ये टाकायचे, त्यावरून कॉम्प्युटर अख्खा उतार उभा करतो, आणि घर कापलं की त्याबरोबर डोंगरही कापला जातो.

यात एकच पथ्य पाळायचं असतं. खोदकाम, भराव, जे काय करायचं ते जमिनीच्या दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत बाजूला, कुलूप लावून ठेवायची. ती एकदा बदलली की जमीन आधी कुठे होती हे मॉडेलला सांगता येत नाही. ऑफिसात नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. आणि मीच हे विसरले, हे सांगायला मला लाज वाटते.

२

आमच्याकडे पुष्कळ कामं उलटी येतात. आधी बंगला, मग नकाशा. हाही तसलाच होता. लोहगडवाडीच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर, तीन वर्षांपूर्वी बांधून झालेला. तो आता नियमात बसवायचा होता. वरचा मजला रस्त्याच्या पातळीला, आणि त्याच्या पोटाखाली दरीच्या बाजूला उघडणारी एक खोली. घर होतं, पण त्याखालची मूळ जमीन कुठेच नोंदलेली नव्हती. ती मला शोधायची होती.

सांगू शकतील अशी दोनच माणसं होती, भिमाजी आबा आणि त्यांची बायको झुंबरबाई. हा उतार त्यांचाच. त्यावर ते वरई घ्यायचे. जमीन विकल्यावर नव्या मालकाने त्यांनाच राखणीला ठेवलं आणि खालची खोली राहायला दिली. खोलीला एक दार, एक मोठी खिडकी, दोन्ही दक्षिणेला. बाहेर चार पावलांचं सपाट अंगण आणि त्यापुढे उतार. वर जायला आतून जिना नाही. अंगणातून बाजूच्या पायऱ्यांनी रस्त्यावर जायचं.

झुंबरबाई पावसाळ्यात पडल्या होत्या, खुबा मोडला होता. त्या खिडकीजवळ खाटेवर असायच्या, वॉकर शेजारी. मी गेले तेव्हा त्यांनी मला आधी चहा पाजला, म्हणजे आबांना करायला लावला, आणि साखर कमी घातली म्हणून आबांना चार शब्दही सुनावले. मी आबांना विचारलं, घर नव्हतं तेव्हा इथे माती कुठवर होती? आबा उठले, भिंतीपाशी गेले आणि कमरेच्या जरा खाली तळवा टेकवला. हितपर्यंत, म्हणाले. मी टेप लावला. जमिनीपासून पंच्याऐंशी सेंटिमीटर. वहीत लिहून घेतलं.

गंमत वाटली मला. राहत्या खोलीत उभा राहून म्हातारा माणूस सांगतो की इथे कमरेपर्यंत जमीन होती. मी म्हटलं, म्हणजे आपण आत्ता मातीतच बसून चहा पितोय. झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मरायच्या आदीच पुरलं म्हणा की आमाला, असं म्हणाल्या.

३

मी पंच्याऐंशी धरून सेक्शन काढला आणि मॅडमनी तो बघून मान हलवली. खालचा मजला जमिनीत पुरेसा गाडलेला असेल तर तो तळघर म्हणून धरतात, बांधकामाच्या क्षेत्रफळात मोजत नाहीत. पंच्याऐंशी सेंटिमीटरने ते होत नव्हतं. मोजलं तर बंगला मर्यादेच्या बाहेर जात होता, आणि मग खालची खोली पाडणं आलं.

मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी मला हुकूम केला नाही. त्या म्हणाल्या, शुभदा, ती खोली पडली तर त्या दोघांनी कुठे जायचं? या वयात त्यांना भाड्याने कोण ठेवणार? आणि गेलेली जमीन एक मीटर वर होती की खाली, याने आज कुणाचं काय बिघडतं? मला ते पटलं. खरं सांगायचं तर फार पटकन पटलं. दोन म्हाताऱ्या माणसांचं घर वाचवतेय, या आनंदात मी कामाला बसले.

बिंदूंच्या उंचीच्या रकान्यात मी नवे आकडे टाकले. खोलीच्या जमिनीपासून एक मीटर नव्वद. पडद्यावर उतार आपोआप फुगला आणि दरीकडची भिंत त्यात बुडाली. दार पूर्ण गेलं. खिडकीची फक्त वरची वीस सेंटिमीटर उरली. तळघरात कुणी राहतं असं दाखवता येत नाही, म्हणून खोलीचं नाव ‘स्टोअर’ ठेवलं. तुटक रेघ छान आली होती, कुठेही तुटल्यासारखी नाही. चहा यायच्या आत काम संपलं. प्रत काढायची राहून गेली, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

दीड महिन्याने नकाशा मंजूर होऊन आला, शिक्क्यासह.

४

मंजूर नकाशाची एक प्रत जागेवर ठेवावी लागते. ती द्यायला मी जानेवारीत गेले. दुपारचे साडेबारा. लोहगडवाडीला जाणारी पोरंपोरी रस्त्याने आरडाओरडा करत चालली होती. अंगणात उतरले तोवर त्यांचा आवाज येत होता. खोलीत पाऊल टाकलं आणि तो थांबला. कमी झाला असं नाही, थांबला. मी मागे वळून पाहिलं, दार उघडंच होतं.

झुंबरबाईंचा चेहरा उतरला होता. बोलताना मधेच थांबून श्वास घेत होत्या. पंधरावीस दिवस झाले म्हणाल्या. कामशेतच्या डॉक्टरने तपासलं, छाती साफ आहे म्हणाला. हाडही जुळलंय, आता चालायला हवं म्हणाला. पण त्या दारापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. मी विचारलं का, तर म्हणाल्या, ‘चढवत न्हाई, ताई.’ मी दाराकडे पाहिलं. उंबरा बोटभर. अंगण त्याच पातळीला.

आणखी एक म्हणाल्या, की दिवसभर बाहेर कुणीतरी चालतं. अंगणात का, मी विचारलं. त्यांनी डोक्याच्या वर, भिंतीकडे बोट केलं. भिताडाच्या भायेर, वरल्या अंगाला. मला वाटलं वरच्या मजल्यावर पाहुणे असतील. पण वरचा मजला दिवाळीपासून बंद होता.

मग मला ऊन दिसलं. दक्षिणेची खिडकी, जानेवारीतली दुपार. तीन-साडेतीन फूट रुंद उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायला हवा. खिडकी पूर्ण उघडी होती, तीत समोरचा डोंगर, त्यावरचं वाळलेलं गवत, सगळं लख्ख दिसत होतं. आणि खोलीत ऊन होतं ते मध्यावर, वीतभर रुंदीचा एक पट्टा. खिडकीपासून त्या पट्ट्यापर्यंत सावली होती. मी बाहेर जाऊन छज्जा पाहिला, झाड आहे का पाहिलं. काही नव्हतं. टेप काढून पट्टा मोजला, वेळ लिहिली. पुन्हा एकदा मोजला, माप तेच.

५

आमच्या घरात भूतखेत, करणी, उतारा या गोष्टींना थारा नाही. वडील नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात होते, निवृत्त झाले. बावीस प्रतिज्ञा त्यांनी दारासमोरच फ्रेम करून लावल्या आहेत. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते बॅटरी हातात देऊन म्हणायचे, जा, बघून ये, आणि काय दिसलं ते सांग. त्यामुळे मला भीती वाटली तरी मी आधी मोजते. तो दिवसही मी तसाच घालवला.

मॉडेलमध्ये सूर्यही असतो. गाव, तारीख, वेळ घातली की ऊन कुठे पडेल ते तो दाखवतो. मालकांना ते फार आवडतं. मी त्या दिवसाची तारीख घातली, दुपारचे साडेबारा घातले. खोटी जमीन खिडकीवर होतीच. खोलीत वीतभर पट्टा पडला. माझ्या वहीतल्या मापाशी ताडून पाहिला. खिडकीपासूनचं अंतर तेच, रुंदी तीच.

योगायोग म्हणावा तर आकडे फार जवळ होते. शेजारची रुपाली, आमची रिसेप्शनिस्ट, दोनदा विचारून गेली की बरं नाही का. मी म्हटलं डोकं दुखतंय. मनात एकच चाललं होतं, की जमीन खाली घ्यावी आणि ऊन पुन्हा पाहावं. नुसतं पडद्यावर, खात्रीसाठी.

तेव्हा मला कळलं की खाली घ्यायला मूळ जमीनच नाही. मी आकडे पहिल्या प्रतीवर टाकले होते. कुलूप नाही, दुसरी प्रत नाही. मोजणीचा कागद घर बांधल्यानंतरचा, त्यात खोदलेलं अंगण होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा ही चूक केली, आणि नेमकी इथे केली. हातात होता वहीतला एक आकडा, पंच्याऐंशी. पहिल्यांदा मी त्यावरून उतार अंदाजाने धरला होता, पण ऊन ताडायला अंदाज पुरत नाही. निदान तीन-चार ठिकाणची उंची हवी. ती पुन्हा आबांनाच विचारायची असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

६

आबा वर बागेला पाणी घालत होते. मी खाली झुंबरबाईंपाशी बसले आणि ते आले. येताना मी त्यांना दारातून पाहिलं. अंगणातून सरळ आले, दाराशी थांबले, चौकटीला दोन्ही हातांनी धरलं आणि एक पाय पुढे टाकून खाली चाचपडला. मग दुसरा. उंच पायऱ्या उतरताना म्हातारी माणसं करतात तसं. त्यांचे पाय सपाट फरशीवरच होते, मी बघत होते. आत आल्यावर गुडघे चोळत म्हणाले, ही चढउतार आता झेपत न्हाई.

मी म्हटलं, आबा, जमीन कुठवर होती ते परत एकदा दाखवा. माझं लिहिलेलं हरवलं.

आबा भिंतीपाशी गेले. त्यांनी हात डोक्याच्या वर नेला, टाचा थोड्या उचलल्या आणि तळवा टेकवला. मी टेप लावला. एक मीटर नव्वद.

‘आबा, मागे तुम्ही कमरेशी दाखवली होती.’

‘न्हाई ओ ताई,’ ते शांतपणे म्हणाले. ‘पयल्यापास्न हितंच व्हती.’

खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं. ते पुन्हा पाणी घालायला गेले, दारात चौकट धरून, पाय उंच उचलून वर टाकत.

ते गेल्यावर झुंबरबाई रडायला लागल्या. हसऱ्या बाईला रडताना पाहणं मला सहन होत नाही. त्या म्हणाल्या, ह्यांना काय झालंय कळत नाही. जेवायला येतात तर वरून येतात, हाक मारली तर वरून ओ देतात. शेजारी येऊन बसले तरी दम लागलेला असतो. आणि मला म्हणतात, तूही चल की वर, अशी काय बसतीस अंधारात. मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, ‘ताई, मी खुळी झाले न्हाई. ह्यो खड्डा खणला तवा पाटी वाहायला मी आत व्हते. माती माज्या कमरंला लागत व्हती.’

मी त्यांना विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. दारापाशी माती कुठे लागायची? मांडीला. खिडकीच्या मध्यावर? कमरेला. मोरीच्या कोपऱ्यात? छातीला, तिथे आंब्याचं मूळ होतं, ते मीच तोडलं. त्या खाटेवर बसूनच अंगावर हात ठेवून दाखवत होत्या आणि मी टाचेपासून त्यांची मांडी, कंबर, छाती टेपने मोजत होते. त्या डोंगराची खरी उंची आता फक्त त्या बाईच्या अंगावर शिल्लक होती. तिला आपण काय करून ठेवलंय, हे मला तेव्हा पुरतं समजलं.

७

त्या मापांवरून मी मूळ जमीन परत उभी केली. यावेळी दोन प्रती काढल्या. तुटक रेघ खिडकीच्या खालून गेली, दार मांडीपासून वर मोकळं झालं. सूर्य लावून पाहिला, खोलीत मोठा चौकोन पडला. मला इतकं हलकं वाटलं की मी झुंबरबाईंना लगेच फोन लावला आणि विचारलं, ऊन किती आलंय? त्या म्हणाल्या, तेवढंच. पट्ट्यात वाटी ठेवली तरी कड सावलीत जाते.

मॉडेल बदलून भागत नव्हतं. शिक्क्याचा कागद तसाच होता. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, उन्हासकट, आबांच्या पायांसकट. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, शुभदा, तुला विश्रांतीची गरज आहे. मग म्हणाल्या, आणि समजा तुझं खरं धरलं, तर ती रेघ खाली आली की खोली पाडायला लागेल. तू कुणाला वाचवायला निघालीस?

पण खोली पडलेली परवडली, आत माणूस गाडलेला नको, असं मला वाटलं. मी सुधारित सेक्शनला अर्ज जोडला, चूक माझी आहे असं लिहून सही केली आणि संबंधित कार्यालयात देऊन आले. मॅडमनी राजीनामा मागितला नाही. मीच टेबल आवरलं.

आठ दिवसांनी पाहणीला एक अधिकारी आले. तरुण, नीटस, मंजूर नकाशाची गुंडाळी काखेत. ते वर रस्त्यावर आबांशी बोलत होते, मी खाली झुंबरबाईंपाशी थांबले. मला वाटलं होतं ते पायऱ्या उतरून अंगणात येतील, उघडी खिडकी बघतील, उघडं दार बघतील आणि एका मिनिटात निकाल लागेल. खिडकीकडे पाठ करून मी झुंबरबाईंचे पाय चेपत होते. मागे पावलं वाजली. बुटांची. माझ्या डोक्याच्या वर, भिंतीच्या बाहेर, डावीकडून उजवीकडे गेली आणि थांबली. टेप ओढल्याचा आवाज आला. ‘एक दहा,’ कुणीतरी म्हणालं. छताच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत एक मीटर दहा. माझ्या खोट्या सेक्शनमध्ये लिहिलेलं तेच माप.

झुंबरबाई माझ्याकडे बघत होत्या. ऐकलंत न्हवं, एवढंच म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर खिडकीत समोरचा डोंगर होता, गवत हलत होतं.

मी धावत वर गेले तोवर अधिकारी गाडीपाशी पोचले होते. चांगले बोलले. म्हणाले, मॅडम, तुम्ही उगाच घाबरलात, जागा नकाशाप्रमाणेच आहे. खाली उतरलात का, मी विचारलं. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या बुटांना लाल माती लागली होती. तशी ती मावळात सगळ्यांच्याच बुटांना लागते, हे मी स्वतःला सांगितलं.

८

आता कागदाची वाट बघायची नाही असं मी ठरवलं. झुंबरबाईंची लेक प्रतीक्षा सोमाटण्याला राहते. तिला फोन केला, आई दमली आहे, थोडे दिवस घेऊन जा. ती लगेच तयार झाली. नवऱ्याची रिक्षा घेऊन दुसऱ्या दिवशी अकराला येते म्हणाली. झुंबरबाईंना कळवलं तेव्हा त्या फोनवरच लहान मुलीसारख्या बोलायला लागल्या, कुठलं लुगडं नेसू, ह्यांचं जेवण कोण बघणार. मी म्हटलं, आधी बाहेर या, मग बघू.

मी पावणेअकराला पोचले. आबा वरच्या बागेत होते. मी हाक मारून सांगितलं की मावशींना नेतोय. बरं झालं, म्हणाले, किती दिवस म्हनतोय तिला वर ये.

अंगण झाडलेलं होतं. दार बाहेर उघडणारं आहे, एका झापेचं. मी कडी काढली आणि ओढलं. ते हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, भिंतीला पाय लावून ओढलं. दारासमोर काही नव्हतं, वाळकं पानसुद्धा नव्हतं. दार फुगलं असेल, बिजागरी गंजली असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. मोठ्याने बोलल्याने धीर येतो. मग खिडकीशी गेले.

खिडकी उघडी होती. गजांमधून सगळी खोली दिसत होती. झुंबरबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, केस विंचरलेले. माझ्यापासून चार हातांवर. ओठ निळसर पडले होते आणि छाती भराभर वरखाली होत होती. मी घाबरले. म्हटलं, मावशी, दार अडकलंय, तुम्ही आतून जरा ढकला.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्याच्याही वर, खिडकीच्या अगदी वरच्या चौकटीकडे.

‘ताई, तुमी व्हय?’

मीच, मी म्हटलं. ही काय तुमच्यासमोर.

‘जरा वाका की,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं नुसतं पायच दिसत्यात.’

मी माझ्या पायांकडे पाहिलं. अंगणाच्या फरशीवर होते, नेहमीच्या चपला घातलेले. ती जमीन मी तयार केली होती आणि आता मी तिच्यावर उभी होते, हे डोक्यात आलं, आणि वडिलांची आठवण येऊन रडू फुटलं. मग मी वाकले. गुडघे टेकले. आणखी वाकले. खिडकीची खालची कड माझ्या डोक्याच्या वर गेली, आता समोर नुसते जोत्याचे दगड. कपाळ जमिनीला टेकलं.

‘हां,’ आवाज आला. अगदी कानाजवळून, खालून. ‘आता दिसलात. हात द्या.’

वर रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. प्रतीक्षा आईला हाक मारत होती. मी हात वर खिडकीच्या गजांकडे नेला, तिथे फक्त वारा होता. मग हात खाली नेला. जिथे फरशी लागायला हवी होती तिथे ती लागली नाही, आणि झुंबरबाईंचा हात लागला. गार, खरबरीत, मनगटावरच्या बांगड्यांसकट. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि मी ओढायला लागले.